घोड्याचे नव्हे, घोडीचे डॉक्टर

जेवायला बसला असाल तर हे बाजूला ठेवा. आधी पोटभर जेवा, सुपारी खा, मग वाचा. मी उगाच घाबरवत नाही. ज्या माणसाबद्दल सांगते आहे, तो माणूस भर पंगतीत ह्याच विषयावर बोलायचा. एकदा एका लग्नात श्रीखंड वाढणाऱ्या बाईंना हातानं थांबवून, चमच्यातलं श्रीखंड निरखून ते मला म्हणाले, "मॅडम, मंगळवारच्या घोडीचं साधारण ह्याच घट्टपणाचं होतं." आमच्या ओळीत नंतर कुणीच श्रीखंड घेतलं नाही. त्यांनी दोनदा घेतलं.

ते जनावरांचे डॉक्टर होते. म्हणजे आहेत अजून, पण गुडघ्यांनी संप केल्यापासून झोपाळ्यावर बसून फोनवरून सगळ्यांना छळतात. कुणी त्यांना 'घोड्याचे डॉक्टर' म्हटलं की त्यांच्या कपाळावरची शीर उठायची. "घोड्याचा नव्हं, घोडीचा! घोड्याला काय धाड भरलीय? तो आपलं काम करून चारा खायला मोकळा." त्यातही त्यांच्याकडे यायच्या त्या एका विशिष्ट दुखण्याच्या घोड्या. गर्भाशयात पू होतो, औषध दिलं की महिनाभर बरं, मग पुन्हा तेच. घोड्याकडं नेऊन नेऊन मालक दमतो, पण घोडी काही गाभण राहत नाही. शर्यतीचे शौकीन, जत्रेत घोडी नाचवणारे, वरातीवाले, नुसतेच हौशी, असे सगळ्या जिल्ह्यातले दमलेले मालक शेवटी ह्यांच्या दारात येऊन बसायचे.

मी मूळची गाईम्हशींची डॉक्टर. चाळिशी गाठल्यावर नोकरी सोडली, पिशवीत मावणारं सोनोग्राफीचं मशीन घेतलं आणि स्वतंत्र धंदा करायचा ठरवला. ह्यांच्याकडे हात होता, माझ्याकडे मशीन, म्हणून आमची जोडी जमली. ते मशीनला 'टीव्ही' म्हणायचे. "मॅडम, टीव्ही लावा." लावला की स्वतः बघायचे नाहीत. एक हात घोडीच्या आत, डोळे मिटलेले, आणि मला विचारणार, "काय चाललंय त्यात?" जणू मी त्यांना मालिकेचा भाग सांगणार आहे.

आमच्या घरी ते पहिल्यांदा आले तेव्हा मी चांगली साडी नेसून, कांदेपोहे करून वाट बघत होते. त्यांनी पोहे बघितले नाहीत. "मोरी कुठाय?" म्हणाले. वयस्कर माणूस, लांबून आलाय, अडचण असेल, म्हणून मी लगबगीनं दाखवली. आतून तांब्यानं पाणी ओतल्याचा आवाज आला. मग शांतता. मग पुन्हा पाणी. बाहेर आले आणि माझ्या नवऱ्याला म्हणाले, "पावणं, गवंडी कोण तुमचा? उतार चुकलाय. कोपऱ्यात पाणी थांबतंय. तिथं वास मारणार बघा." वास मारतच होता. नवरा आजतागायत त्या गवंड्याशी बोलत नाही.

त्यांची सगळी विद्या त्या मोरीत होती. कुठलाही मालक आला की तोच प्रवेश, तेच संवाद.

"मोरी तुंबल्यावर तू काय करतोस?"

"काय करतोय म्हंजे? घासतोय."

"फिनेल वततोस का वरनं?"

"आधी तुंबल्यालं काढाय नको व्हय?"

"मग लेका, घोडीत दोन वर्सं नुसतं फिनेल कशाला वतलंस?"

मालक पिशवीतून निरनिराळ्या औषधांच्या रिकाम्या बाटल्या काढून रांगेत मांडायचा. ते एकेक बाटली उचलून वास घ्यायचे आणि मान हलवायचे. त्यांचं म्हणणं साधं होतं. आधी आतला नमुना घ्या, कुठला जंतू आहे ते तपासून आणा, त्याला कुठलं औषध चालतं ते बघा. औषध घालायच्या आधी आत साचलेली घाण धुऊन काढा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, घाण साचते का ते शोधा. निरोगी घोडीचं गर्भाशय स्वतःची घाण स्वतःच बाहेर ढकलतं. ज्या घोडीला ते जमत नाही, ती आमची पेशंट.

धुण्याचा तर सोहळाच असायचा. लाल साबणाची वडी आणि नखं घासायचा ब्रश ते स्वतःच्या खिशात ठेवायचे. घोडी धरणारा, शेपूट धरणारा, बादली धरणारा, नुसता बघायला आलेला, सगळ्यांनी कोपरापर्यंत हात धुवायचे. मग घोडीची मागची बाजू कापसानं धुवायची. कापूस पांढरा निघेपर्यंत. निघाला की तो मालकाच्या नाकासमोर धरायचे. "दिसतंय का काय? तुझ्या बनियनपेक्षा पांढरा हाय."

घोड्यांशी मात्र अहो-जाहो. "सरकार, जरा पाय हलवा." "बाईसाहेब, थंड लागेल हं, राग मानू नका." मालकाला 'ए गप', घोडीला 'आपण'. खिशात कायम भडंग. काम झालं की मूठभर काढून समोरच्यापुढे धरायचे आणि कुणी दचकला की म्हणायचे, "डावा हाय हा. निर्धास्त खा."

आणि एक नियम. त्यांच्यासमोर घोडीला 'वांझ' म्हणायचं नाही. जो म्हणेल त्यानं तपासणी संपेपर्यंत शेपूट धरायची. एकदा एक पुढारी आले होते. कडक इस्त्रीचे पांढरे कपडे, मागे चार माणसं. म्हणाले, "काय डॉक्टर, ह्या वांझ घोडीचं काय करायचं?" डॉक्टरांनी अत्यंत नम्रपणे पट्टीत गुंडाळलेली शेपूट त्यांच्या हातात दिली. "असं बाजूला धरा. सोडू नका. घोडी बिथरते." मागची चार माणसं पुढे झाली तर म्हणाले, "न्हाय न्हाय, ज्यानं शब्द काढला त्यानंच." धुतलेलं पाणी बाहेर पडायच्या वेळेला ते मला हळूच म्हणाले, "मॅडम, तुम्ही दोन पावलं डावीकडं." पुढाऱ्यांना कुणी काहीच सांगितलं नाही.

असाच एकाच्या हातात शेपूट दिलेली असताना एक मोठं कोडं सुटलं. ती गोष्ट जिलेबीची.

जिलेबी ही सोनेरी तांबूस रंगाची, कपाळावर चांद असलेली घोडी. पन्हाळ्याच्या पायथ्याच्या एका गावात आक्का राहायच्या, त्यांची. आक्का साठीच्या पुढच्या. नवरा गेलेला, थोडा ऊस, तीन म्हशी. आक्कांचे वडील घोडागाडीच्या शर्यती पळवायचे, पण पोरीच्या जातीनं घोड्याला हात लावायचा नाही म्हणून आक्कांना गोठ्याच्या दारातसुद्धा उभं करत नसत. ती हौस इतकी वर्षं पोटात दाबून ठेवली आणि पन्नाशी उलटल्यावर बाईनं स्वतः जाऊन घोडी आणली.

मुलगा संदीप शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत कामाला. तो कपाळाला हात लावून म्हणायचा, "डॉक्टर, लोकांच्या आया गुडघ्याला तेल लावत बसत्यात. आमची खरारा घेऊन घोडी घासत बसतीया."

"मग? तुजं काय जातंय?" आक्का.

"गवात जातंय की! म्हस खाती ती दूद देती. ही काय देती?"

"ही शिंगरू देनार हाय. आनि ते शिंगरू मी घडिवनार. मला कुनी बसू दिलं न्हाय, बरं. पर माज्या हातचं घोडं मैदानात पळताना बघूनच जानार मी."

पण शिंगरू होत नव्हतं. दोन वर्षं घोडी रिकामी. संदीपनं इचलकरंजीच्या एका वरातीवाल्याशी बोलणं लावलं होतं: ह्या हंगामात राहिली तर राहिली, नाहीतर दिवाळी झाल्यावर, लग्नसराईच्या तोंडाला घोडी त्याच्याकडे. हे ऐकल्यापासून आक्कांची झोप उडाली. कारण जिलेबीला बँड सोसत नसे. चुलत पुतण्याच्या लग्नात एकदा तिला वरातीला नेलं, तर पहिल्याच पिपाणीला ती नवरदेवासकट मागे चालत निघाली. तोंड मांडवाकडे आणि चाल उसाकडे. नवरदेव तुरे-मुंडावळ्यांसह फडात गडप. दोन दिवस घोडीनं चारा खाल्ला नाही. वरातीवाल्याकडे गेली तर तिला रोज तेच करावं लागणार होतं.

डॉक्टरांनी काम हातात घेतलं. अंगणातल्या चिंचेखाली घोडी उभी केली. नमुना घेतला, तपासायला पाठवला, योग्य ते औषध समजलं. मग धुणं. कोमट सलाईन नळीनं आत सोडायचं आणि तसंच परत बादलीत काढून घ्यायचं.

"आक्का, बघा बादलीत. कसं हाय?"

"ताकागत."

पुन्हा आत, पुन्हा बाहेर. "आता?"

"प्येजंगत."

पुन्हा. "आता?"

आक्कांनी वाकून नीट बघितलं. "आता नळाच्या पान्यागत."

"मग अजून एकदा धुवाय पायजे," डॉक्टर म्हणाले.

घोडी स्वच्छ झाली, माजावर आली, जयसिंगपूरकडच्या एका मळ्यातल्या घोड्याकडे नेऊन आणली. दोन दिवसांनी मी टीव्ही लावला. पडद्यावर काळं तळं. गर्भाशयात पाणी साचलं की ते असं काळं दिसतं.

"काय चाललंय त्यात?" डोळे मिटलेले.

"साचलंय, डॉक्टर."

त्यांनी हात बाहेर काढला आणि बराच वेळ घोडीच्या मागे उभे राहून बघत राहिले. मग म्हणाले, "मागचं दार नीट मिटत न्हाय हिचं. चालताना हवा आत वढती. हवेबरोबर शेणाचा कण गेला की झालं." हे अगदी खरं होतं. त्यांनी भूल देऊन योनीमुखाच्या वरच्या भागात चार टाके घातले. घोड्याकडे नेताना ते उसवायचे, आणल्यावर पुन्हा घालायचे. संदीप कामावरून आला आणि दारातूनच ओरडला, "आई! म्हाताऱ्यानं घोडी शिवली व्हय गं?" दुसऱ्या दिवसापासून गावातली पोरं डॉक्टरांची व्हॅन दिसली की "शिंपीकाका आलं" म्हणून नाचायला लागली.

पुढच्या माजाला पुन्हा तेच सगळं. पुन्हा काळं तळं.

त्या आठवड्यात डॉक्टर कुणावर ओरडले नाहीत, ह्यावरून मी ओळखलं की माणूस खचला आहे. भडंगाचा खिसा रिकामा होता. सकाळी सकाळी मला फोन करून विचारायचे, "मॅडम, काय सुटतंय आपल्या हातनं?" मग उत्तर न ऐकताच ठेवून द्यायचे. नमुना बरोबर, औषध बरोबर, धुणं बरोबर, टाके बरोबर. आणि मधेच एकदा आक्का भेटल्या तेव्हा त्यांनी नुसतंच विचारलं, "हंगाम संपायला आला न्हवं का, डॉक्टर?" त्यावर डॉक्टर चक्क चपला शोधायला लागले. चपला पायातच होत्या.

अशात एके दिवशी तो वरातीवाला घोडी बघायला आला. आम्ही तिथंच होतो. धो धो पाऊस, अंगणात पाय ठरेना, म्हणून पहिल्यांदाच घोडी चिंचेखाली न आणता डॉक्टर गोठ्यात शिरले. वरातीवाला पण मागोमाग आत. त्यानं जिलेबीचे दात बघितले, खूर बघितले आणि प्रसन्न होऊन म्हणाला, "ब्येस हाय. वांझ का असंना, आमाला काय करायचंय? चालाय येतंय न्हवं?"

मी डोळे मिटले. डॉक्टरांनी मोठ्या प्रेमानं त्याला हाताला धरून मागे आणलं. "पावणं, ही शेपूट. बाजूला धरायची. सोडायची न्हाय."

"आवो, मी फकस्त बघाय आलतो!"

"इथनं लई चांगलं दिसतं."

वरातीवाला शेपूट धरून ओठ आवळून उभा. डॉक्टर घोडीच्या मागे बादलीत हात धुवायला बसले. तेवढ्यात त्यांच्या हातातून साबण निसटला. ओली वडी फरशीवर पडली आणि निघाली. घोडीच्या मागच्या पायांमधून, पोटाखालून, पुढच्या पायांना वळसा घालून सुर्रकन जाऊन गव्हाणीला टेकली.

डॉक्टर तसेच उकिडवे. मी म्हटलं, "आणते."

"हात लावू नका!" ते ओरडले. कितीतरी दिवसांनी ओरडले. "साबण कुणीकडं गेला, मॅडम?"

"पुढं."

"घोडीच्या तोंडाकडं?"

"हो."

ते उठले. तांब्याभर पाणी घोडीच्या मागे ओतलं. पाणी गोठ्याच्या मागच्या दाराकडे जायच्या ऐवजी शहाण्यासारखं गव्हाणीकडे चालू लागलं. म्हणजे घोडी रात्रंदिवस मागून उंच आणि पुढून खाली अशी उभी होती. तिच्या आत जे साचेल ते बाहेर पडणार कसं? उलट पोटाकडे उतरून तिथंच मुरत होतं. आम्ही महिनोन्महिने तिला चिंचेखालच्या सपाट जागेवर धूत होतो आणि मग ह्या उतारावर आणून बांधत होतो.

"आक्का," डॉक्टर अगदी हळू आवाजात म्हणाले, "ही फरशी कुणी घातली?"

आक्कांचा चेहरा फुलला. "मीच की! दोन उन्हाळं झालं. सोताच्या हातानं मुरूम टाकून चोपला, वर शहाबादी बसीवली. त्यो मळ्यातला घोडेवाला म्हनला, घोड्याकडनं आनली की मागनं उंच बांदायची, म्हंजे बी खाली सांडत न्हाय. आनि हालवायची न्हाय. तुमी तपासाय काडता तेवडं सोडलं तर मी पंदरा पंदरा दीस जाग्यावरनं हालू देत न्हाय तिला."

"हे मला का सांगितलं न्हाय?"

"त्यात काय सांगायचं? तेवडं तर समद्यास्नी ठावं असतंय."

मला वाटलं, आता ज्वालामुखी. पण डॉक्टर म्हणाले, "आक्का, तुमची मोरी दाखवा."

आम्ही सगळे, म्हणजे शेपूट सोडायची परवानगी नसलेला वरातीवाला सोडून सगळे, घरात गेलो. डॉक्टरांनी मोरीत तांब्या ओतला. पाणी एका थेंबाचाही मुक्काम न करता सरळ बाहेर.

"हिचा उतार कुणी काढला?"

"मीच."

"झकास काढलाय. गवंड्याच्या बापाला जमनार न्हाय असा काढलाय. मग जिलेबीलाच का उलटा, आक्का?"

आक्का मोरीकडे बघत राहिल्या. मग गोठ्याकडे बघितलं. मग पदराचा बोळा तोंडावर धरला. "आत्ता गं बया!"

पलीकडून वरातीवाल्याचा आवाज आला, "सोडू का आता?"

त्या रविवारी संदीपनं पहार घेऊन गोठा उकरला. प्रत्येक फरशी काढताना सांगत होता, "उकरतोय म्हंजे घोडी ठिवतोय असं न्हवं, आई. लक्षात ठिव." आक्कांनी नवा मुरूम चोपला. ह्या वेळी पुढून उंच. डॉक्टर साबण सोडून सोडून उतार तपासत होते आणि वडी मागच्या दारातून बाहेर गेली की लहान मुलासारखे टाळ्या पिटत होते.

हंगामातली शेवटची संधी. घोडी स्वच्छ करून घोड्याकडे नेली आणि त्याच दिवशी काही तासांनी डॉक्टर पुन्हा नळी घेऊन हजर. आक्का घोडीच्या आणि त्यांच्या मधे उभ्या राहिल्या.

"आत्ता न्हाय धुवायचं! बी जाईल की समदं!"

"आक्का, तुमच्या दारात लगीन झालंय का कधी?"

"झालंय की, संदीपचं."

"नवरदेव घरात गेला. आता मांडवात उरलंय ते वऱ्हाड. ते वेळेत वाटंला लावलं न्हाय तर काय हुतंय?"

आक्कांनी क्षणभर विचार केला. संदीपच्या लग्नातलं वऱ्हाड त्यांच्या डोळ्यांपुढे आलं असावं. त्या बाजूला झाल्या. "धुवा."

धुतलं, गर्भाशय आवळायचं इंजेक्शन दिलं आणि डॉक्टर म्हणाले, "आता चालवायचं. चढाला." पुढचे दोन दिवस जिलेबी पन्हाळ्याचा घाट चढत होती. पुढे आक्का कासोटा घालून, मागे व्हॅनमध्ये डॉक्टर हॉर्न वाजवत, खिडक्यांना शेपटीच्या पट्ट्या वाळत घातलेल्या. धुक्यातून एक गाडी येऊन थांबली, काच खाली आली, गॉगल लावलेल्या मुलानं विचारलं, "मावशी, राईड कशी?"

"पेशंट हाय ती!" डॉक्टर मागून गरजले. "तुजी आई बाळंतपनाला चालली असती तर राईड इचारली असतीस का?"

काच वर गेली.

पंधरवड्यानंतरचा दिवस. चिंचेखाली आक्का, संदीप, अर्धी गल्ली. संदीपच्या हातात मोबाईल, वरातीवाल्याला निरोप द्यायला. डॉक्टरांचा हात आत, डोळे इतके घट्ट मिटलेले की कपाळाला आठ्या.

"मॅडम, काळं आहे?"

मी पडदा बघत होते. खोटं कसं सांगू? "काळं आहे."

आक्का मटकन खाली बसल्या.

"पण गोल आहे, डॉक्टर," मी म्हटलं. "बोराएवढं. छान गोल, आणि बाजूला टिपूससुद्धा पाणी नाही."

त्यांनी एक डोळा उघडला. मग दुसरा. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी माझा टीव्ही बघितला. गर्भ असाच दिसतो सुरुवातीला, काळ्या बोरासारखा. बराच वेळ बघून घोडीला म्हणाले, "जिलेबीबाई, अभिनंदन." आणि हात बाहेर काढून, माणसांकडे पाठ करून, नाक शिंकरलं.

संदीपनं फोन लावला. "आता नको, थांबा," म्हणाला. ठेवल्यावर आईला म्हणाला, "थांबा म्हनलंय. न्हाय म्हनलं न्हाय. शिंगरू झाल्यावर परत त्ये तुंबायचं नाटक सुरू झालं, तर मी ऐकनार न्हाय. शिंगरू तुला, घोडी त्याला."

"परत न्हाय तुंबनार," आक्का म्हणाल्या, पण बघत होत्या डॉक्टरांकडे.

अकरा महिन्यांनी, पावसाची झड लागलेली असताना, पहाटेच फोन आला. मोकळी झाली! मी डॉक्टरांना घेऊन पोचले तर अंगणात जत्रा. आक्का नवं लुगडं नेसलेल्या, पेढ्यांचं ताट हातात. संदीप पहिल्या शिफ्टला निघालेला, अंगावर कंपनीचा धुतलेला गणवेश, तोसुद्धा दात काढून हसत होता. सगळे ओरडले, "डॉक्टर, या, बघा!"

"वार कुठाय?" डॉक्टर म्हणाले.

"आवो, आधी शिंगरू—"

"वार! पडली का? कुठाय?"

वार, म्हणजे व्याल्यानंतर बाहेर पडणारी पिशवी, आक्कांनी घमेल्यात झाकून ठेवली होती, पुरायला. डॉक्टरांनी ती चिंचेखाली पोत्यावर उलगडून पसरली. घोडीची वार पसरली की हुबेहूब पायजमा दिसते, कंबर आणि दोन पाय. पेढ्यांच्या ताटाभोवतीची गर्दी हळूहळू पायजम्याभोवती आली. डॉक्टर गुडघ्यांवर बसून बोटानं शिवण तपासावी तसे कडेकडेनं तपासत होते. एका पायाच्या टोकाशी बोट थांबलं.

"हितलं टोक कुठाय?"

कुणालाच कळेना.

"तळहाताएवढा तुकडा न्हाय. आत राहिला असंल तर उद्यापर्यंत कुजंल. मग परत पू, परत तेच दुखणं. घोडी जगली तर जगली."

आक्कांनी ताट खाली ठेवलं. संदीपचं हसू गेलं. "आन बाहीर पडला असंल तर?" त्यानं विचारलं.

"तर दिसायला पायजे. शोधा!"

आणि मग मी आयुष्यात कधी विसरणार नाही असा देखावा. नवं लुगडं, इस्त्रीचे शर्ट, टोप्या, सगळं गाव गोठ्यातल्या ओल्या चाऱ्यात आणि शेणात चार पायांवर. "हे बगा!" "ते केळीचं पान हाय!" "हे?" "ही माजी टोपी हाय, दे हिकडं!" डॉक्टर चिंचेखालीच नळी तयार करायला लागले, माझ्या हातात इंजेक्शन. तेवढ्यात शेजारच्या घराच्या कोपऱ्यावर एक पांढरं कुत्रं दिसलं. तोंडात काहीतरी लोंबतंय.

"संदीप!" आक्का किंचाळल्या. "कुत्रं!"

कुत्र्यानं गर्दी बघितली आणि उसाकडे धूम ठोकली. संदीप मागे. कंपनीचे लोखंडी टोकाचे बूट, चिखल घोट्यापर्यंत. रस्त्यावर कंपनीची बस येऊन उभी, ड्रायव्हर हॉर्न मारतोय, खिडकीतून त्याचे मित्र ओरडतायत, "आरं, कुत्र्यामागं कशाला पळतोस? बस हिकडं हाय!" बस गेली. फडातून एकदा कुत्र्याचा, एकदा संदीपचा, मग दोघांचा मिळून आवाज आला.

संदीप बाहेर आला तेव्हा तो कुठल्या रंगाचा गणवेश घालून निघाला होता ते सांगता आलं नसतं. कोपरावर दात लागलेले. मुठीत तुकडा. धावत आला आणि डॉक्टरांच्या ओंजळीत ठेवला.

डॉक्टरांनी तो पाण्यानं धुतला, पोत्यावर नेला, पायजम्याच्या पायाला लावला. फिरवला. पुन्हा लावला. कड कडेला बसली. एका बाजूला कुत्र्याच्या दातांच्या खुणा होत्या, तेवढंच.

"पुरी हाय," ते म्हणाले.

आक्का दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून वाकल्या. त्या हसत होत्या की रडत होत्या, मला कळलं नाही. संदीपचा फोन वाजत होता. त्यानं नाव बघितलं. इचलकरंजीचा वरातीवाला. चिखलाच्या बोटानं कानाला लावला. "व्हय, झालं शिंगरू. व्हय, घोडी ठणठणीत हाय. न्हाय, देनार न्हाय. न्हाय म्हंजे न्हाय की वो! आईनं ठिवलीया आनि मी बी ठिवलीया. दुसरी बघा." आणि फोन खिशात टाकून डॉक्टरांना म्हणाला, "माज्या कोपराला बी आता ह्या कुत्र्याचं इंजेक्शन बघा, डॉक्टर."

"ते माणसाच्या दवाखान्यात. मी घोडीचा," डॉक्टर म्हणाले. झाडाला धरून, कळवळत ते उठले, कंबर सरळ केली आणि पहिल्यांदाच गोठ्याच्या दाराकडे वळले. आत जिलेबीच्या कुशीत लटपटत्या पायांवर काहीतरी उभं राहून, मोठमोठ्यानं चपचप आवाज करत दूध पीत होतं.

"हं," ते म्हणाले. "आता सांगा. काय झालंय, घोडा का घोडी?"